बाबागाडी कोण उचलणार?

गृहस्थाश्रमांतील प्रश्न दिसावयास लहान असले म्हणजे ते लहानच असतात असें नाहीं. गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे वाचकांचीं चार पत्रें आलीं. त्या चारांचा विषय एकच. घरांत तान्हें किंवा रांगतें मूल आहे. त्यास बाहेर नेण्यासाठीं हल्लीं दुकानांत ‘स्ट्रोलर’ या नांवानें मिळणारी, वजनानें हलकी व मिटली असतां आटोपशीर होणारी बाबागाडी घ्यावयाची आहे. तर ती निवडावी कशी? पत्रांत रंगाची चौकशी आहे, किंमतीची आहे, अमुक देशाची चांगली कीं तमुक देशाची, ह्याचीही आहे. परंतु घरापासून रस्त्यापर्यंत ती गाडी उचलून कोण नेणार, ह्याचा उल्लेख एकाही पत्रांत नाहीं. चारांपैकीं तीन पत्रें घरांतील कर्त्या पुरुषांनीं लिहिलेलीं आहेत, एवढें नमूद केलें म्हणजे त्या मौनाचा उलगडा होतो.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. बाबागाडी मुलासाठीं घेतात हें खरें. पण निवडावयाची ती उचलणाराच्या हातानें. जी व्यक्ति मूल कडेवर घेऊन गाडी जिन्यावरून खालीं आणणार, तिला जी पेलेल तीच त्या घराची गाडी. बाकी सर्व गुण त्याच्या मागून मोजावे.

ह्या वस्तूचा थोडा पूर्वेतिहास पाहिला म्हणजे हें म्हणणें आमच्या पदरचें नाहीं हें ध्यानांत येईल. बाबागाडी मुळांत श्रीमंतांच्या बागेंतील शोभेची वस्तु. इंग्लंडांत विल्यम केंट ह्या कलावंतानें १७३३ सालीं डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं एक शिंपल्याच्या आकाराची गाडी बनविली. तिला शेळी अथवा लहानसें तट्टू जुंपावयाचें होतें. पुढें माणसानें ढकलावयाच्या गाड्या आल्या. पण त्याही मोठ्या, उंच व जड. घरीं दाई, दाराशीं सपाट रस्ता आणि गाडी ठेवावयास स्वतंत्र जागा, अशा घरांना त्या शोभत. हा प्रकार पालटला तो १९६५ सालीं. ओवेन मॅक्लारेन नांवाचे एक निवृत्त विमान-अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धांत गाजलेल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्याच्या कामांत त्यांचा हात होता. आपली मुलगी जड बाबागाडी घेऊन प्रवास करते व तिची तारांबळ होते, हें पाहून त्यांनीं अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीप्रमाणें मिटणारी गाडी तयार केली. तिचें वजन अवघें पावणेतीन किलोच्या आसपास होतें. उड्डाण होतांच विमानाचे पाय जसे पोटांत दुमडून घ्यावे लागतात, तीच युक्ति त्यांनीं नातवंडाच्या गाडीस लाविली. तेव्हां हलकी बाबागाडी जन्मास आली ती मुलाच्या हौसेंतून नव्हे. एका आजोबांनीं लेकीचे कष्ट पाहिले, त्यांतून आली. आमच्या एकत्र कुटुंबांतील आजोबांनीं हा धडा घेण्यासारखा आहे.

शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकांत चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपल्या मातीच्या गाडीवर रुसतो, व वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडींत घालते, हा प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. तेथें रुसलें होतें तें मूल. हल्लीं शेजाऱ्याची गाडी पाहून रुसतात तीं वडील माणसें. कांहीं हजारांपासून अर्ध्या लाखापर्यंतच्या गाड्या बाजारांत आहेत. आठ महिन्यांच्या मुलास त्यांतील भेद कळत नाहीं. त्याच्या आईच्या मनगटास मात्र तो पहिल्याच दिवशीं कळतो.

आतां थोडा हिशेब करूं. सर्वसाधारण निरोगी मूल एक वर्षाचें होतें तेव्हां त्याचें वजन नऊ ते साडेनऊ किलोच्या आसपास असतें, दोन वर्षांचें होतां होतां तें बारा किलोच्या जवळ येतें. मोठी, गादीदार, जाड चाकांची बाबागाडी दहा ते पंधरा किलो भरते. हलक्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्या साधारणतः पांच ते साडेसात किलोंच्या असतात. पुण्याच्या जुन्या पेठांत तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती अद्याप पुष्कळ आहेत. अशा घरांतील सून तिसऱ्या मजल्यावरून उतरते असें समजा. कडेवर नऊ किलोंचें मूल, खांद्याला दुपटीं, पाणी व खाऊ यांची दोन किलोंची पिशवी आणि हातांत तेरा किलोंची गाडी. बेरीज चोवीस किलो. तीच गाडी सहा किलोंची असेल तर बेरीज सतरा. सात किलोंचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. पण पन्नास-साठ पायऱ्यांवर, पदर सांवरीत आणि कठडा धरावयास हात मोकळा नसतां, तो फरक म्हणजे बाहेर पडणें आणि घरीं बसणें यांतील फरक आहे.

हेंच आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें. जड गाडीचें पुढें काय होतें, तें आम्ही अनेक घरांत पाहिलें आहे. पहिले पंधरा दिवस कौतुक होतें, मग ती जिन्याखालीं जाते, तेथें शेजाऱ्यांच्या कुरबुरी सुरू होतात, आणि अखेर लोणच्याच्या बरण्यांशेजारीं माळ्यावर तिला कायमचें आसन मिळतें. तिच्याबरोबर मुलाचा सायंकाळचा वारा जातो, आणि मुलाच्या आईचाही. दिवसभर चार भिंतींत असलेल्या तरुण आईस कोणाच्या सवडीची वाट न पाहतां अर्धा तास बागेंत जातां यावें, ही चैन नाहीं; तिच्या प्रकृतीची ती गरज आहे. गाडी हलकी असेल तर ह्या कामीं तिला कोणास विनविण्याचें कारण पडत नाहीं.

परंतु हलकेपणा फुकट मिळत नाहीं. त्याचें मोल चाकांत द्यावें लागतें. आटोपशीर गाडीचीं चाकें लहान असतात, बहुधा बारा ते पंधरा सेंटिमीटर व्यासाचीं. शाळेंत शिकविलेलें यंत्रशास्त्र येथें उपयोगीं पडतें. बारा सेंटिमीटर व्यासाचें चाक तीन सेंटिमीटरांच्या उंचवट्यास भिडलें, आणि आपण गाडी नुसती पुढें ढकलूं लागलों, तर तें वर चढण्यास त्या चाकावर जेवढा भार असेल त्याच्या सुमारे पावणेदोन पट जोर लागतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकास तोच उंचवटा जवळ जवळ भाराइतक्याच जोरांत ओलांडतां येतो. आणि उंचवटा चाकाच्या त्रिज्येएवढा, म्हणजे सहा सेंटिमीटरांचा झाला, तर लहान चाक नुसतें पुढें ढकलून कधींच चढणार नाहीं, मग ढकलणारा भीम का असेना. अशा वेळीं दांडा खालीं दाबून पुढचीं चाकें उचलावीं, अथवा गाडी पाठमोरी करून ओढून घ्यावी. ही युक्ति घरांत सर्वांस शिकवून ठेवावी. जोर करून ढकलणें म्हणजे मुलास पुढें झुकविणें आहे.

आपले पदपथ कसे आहेत हें आम्हीं सांगावयास नको. इंडियन रोड्स काँग्रेसनें २०१२ सालीं पादचाऱ्यांच्या सोयींविषयीं जे दंडक प्रसिद्ध केले, त्यांत पदपथाची मोकळी रुंदी निदान १·८ मीटर असावी व त्याच्या कांठाची उंची १५ सेंटिमीटरांपेक्षां अधिक नसावी असें आहे. पुणें महानगरपालिकेनें २०१६ सालीं पादचारी-धोरणही मान्य केलें. जंगली महाराज रस्त्यासारखे कांहीं रुंद केलेले पदपथ सोडले, तर दंडक आणि वास्तव यांची गांठ क्वचितच पडते. म्हणून ज्या घराचा बागेपर्यंतचा रस्ता उखडलेला आहे त्यांनीं फार बारीक चाकांच्या गाडीच्या मोहांत पडूं नये. एखादा किलो अधिक घेऊन किंचित् मोठीं चाकें पत्करावीं. जेथें लिफ्ट आहे, आंगण फरसबंद आहे आणि प्रवासाचें प्रमाण मोठें आहे, तेथें सर्वांत हलकी गाडी चालेल. आपल्या दारापासून बागेपर्यंत एकदां मुद्दाम चालत जाऊन पायऱ्या व खड्डे मोजावे. दुकानदाराच्या गुळगुळीत फरशीवर सर्वच गाड्या चांगल्या चालतात.

आतां घडीविषयीं. कांहीं गाड्या छत्रीसारख्या लांबट मिटतात व त्यांना दोन स्वतंत्र मुठी असतात. कांहीं पेटीसारख्या चौकोनी मिटतात व त्यांना बहुधा एकच आडवा दांडा असतो. दोन मुठींची गाडी एका हातानें नीट वळत नाहीं. आडव्या दांड्याची वळते. ज्या आईचा एक हात मोठ्या मुलाच्या हातांत गुंतलेला असतो तिला हा भेद मोठा आहे. लांबट घडी कपाटामागें उभी राहते, चौकोनी घडी मोटारीच्या डिकींत किंवा रेल्वेच्या बांकाखालीं बसते. आपल्या घरांत व आपल्या प्रवासांत कोणती जागा मोकळी आहे तें पाहून ठरवावें.

‘ही गाडी विमानांत जवळ ठेवतां येते’ ही जाहिरात वाचून पुष्कळ लोक भुलतात. आपल्या देशांतील विमान-कंपन्यांची हातसामानाची सर्वसाधारण मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर व ७ किलो अशी आहे. परदेशांत पुष्कळ ठिकाणीं ती ५६ × ४५ × २५ पर्यंत असते. नामांकित आटोपशीर गाड्यांपैकीं एकीची घडी ५२ × ४४ × १८ सेंटिमीटर आहे. म्हणजे ती परदेशी मापांत बसते व आपल्या मापांत नऊ सेंटिमीटरांनीं अडते. तेव्हां जाहिरातीवर न विसंबतां मोजपट्टी घ्यावी, आणि मुलाची गाडी कोठपर्यंत नेऊं देतात तें तिकिट काढतांनाच विचारून घ्यावें.

ज्या आजी-आजोबांचीं नातवंडें परदेशीं आहेत त्यांस घडीचें महत्त्व तेथें गेल्यावर अधिक पटतें. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या २७२ स्थानकांपैकीं सुमारे एक-तृतीयांश स्थानकांतच जिना न चढतां जातां येतें. बाकीच्या ठिकाणीं गाडी उचलावीच लागते. तेथील बसगाड्यांत चाकांच्या खुर्चीवर बसणाऱ्या अपंगांसाठीं राखलेली जागा असते. २०१२ सालीं अशा एका गृहस्थास बसमध्यें जागा मिळाली नाहीं, कारण तेथें एक बाबागाडी उभी होती व ‘हिची घडी होत नाहीं’ असें तिच्या मालकिणीनें सांगितलें. तो तंटा इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि चालकानें केवळ एकदां विनंती करून थांबणें पुरेसें नाहीं, असा निर्णय २०१७ सालीं झाला. घडी होणारी गाडी ही अशा रीतीनें आपली सोय असून परक्याविषयींचें सौजन्यही आहे.

सुरक्षिततेच्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्यांत तडजोड नाहीं. ज्या मुलास अद्याप आधाराशिवाय बसतां येत नाहीं, म्हणजे साधारणतः सहा महिन्यांच्या आंतील, त्यास उभ्या पाठीच्या हलक्या गाडींत बसवूं नये. त्याची मान पुढें कलते व श्वास कोंडण्याचें भय असतें. पाठ पूर्णपणें आडवी होत असेल तरच ती गाडी तान्ह्या मुलास योग्य. नाहींतर तोंवर मांडी आणि झोळी बरी. पट्टे पांच असावे : दोन खांद्यांवरून, दोन कमरेशीं व एक मांड्यांमधून, आणि ते रोज लावावे, ‘एवढ्याशा अंतराला कशाला’ असें म्हणूं नये.

गाडी हलकी म्हणजे ती उलटावयासही हलकी. भाजीची पिशवी दांड्यास अडकविण्याची आपल्या लोकांस भारी हौस. तराजूचें एक पारडें जड झालें कीं दुसरें उचललें जातें. मूल उतरवून घेतलें कीं पिशवीसकट गाडी मागें कोसळते, आणि कधीं कधीं मुलासकटही. पिशवी बैठकीखालच्या टोपलींत ठेवावी, अथवा आपल्या खांद्यावर.

घडीच्या बिजागऱ्यांपासून मुलाचीं बोटें दूर ठेवावीं. अमेरिकेंत घडीच्या गाड्यांच्या बिजागऱ्यांत बोटांचीं टोकें तुटल्याच्या १२ तक्रारी आल्यावरून २००९ सालीं सुमारे दहा लक्ष गाड्यांच्या बिजागऱ्यांस झांकणें बसवून द्यावीं लागलीं. बिजागरी झांकलेली आहे ना, हें पाहूनच घ्यावें. आणि मूल दुसऱ्याच्या हातीं दिल्यावांचून गाडी उघडूं वा मिटूं नये. ब्रेकाचेंही तसेंच. ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें २००९ सालीं रेल्वेच्या फलाटावर आईचा हात क्षणभर सुटला, बाबागाडी उतारानें घरंगळत रुळांवर गेली व वर गाडी आली. सहा महिन्यांचा तो मुलगा दैवानेंच वांचला. आतां पुण्यांतही २०२२ पासून मेट्रो धांवूं लागली आहे. फलाटावर गाडी उभी करतांना ब्रेक लावावा, तिचें तोंड रुळांशीं समांतर ठेवावें, आणि हात सोडूं नये.

उन्हाळ्यांत ऊन लागूं नये म्हणून गाडीवर चादर किंवा दुपटें टाकण्याची चाल आहे. तें माया म्हणून करतात, पण त्यानें आंतील हवा कोंडून तापते. सिडनी विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ सालीं ह्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. कोरड्या कापडानें आंतील उष्णता वाढली. पातळ मलमल ओली करून टाकली तेव्हां ती उतरली, व जोडीस लहान पंखा लाविला तेव्हां आणखी उतरली. आम्ही तर म्हणूं कीं वैशाखांतील दुपारीं मुलास बाहेर नेऊंच नये. नेणें भागच पडलें तर गाडीचा टप पुढें ओढावा, वारा खेळता ठेवावा, व कापड टाकलेंच तर तें पातळ व ओलें असावें आणि वरचेवर भिजवावें.

घरांतील वडील स्त्रियांचा एक आक्षेप असतो. त्याचा अनादर करूं नये. त्या म्हणतात, ‘आमचीं मुलें कडेवर वाढलीं, गाडींत घालून मूल परकें होतें.’ यांत तथ्य आहे. कडेवर मुलास आईच्या अंगाची ऊब मिळते, तिचा शब्द ऐकूं येतो, भ्यालें तर मान लपवावयास खांदा असतो. गाडी त्याची जागा घेऊं शकत नाहीं, आणि घेऊं देऊंही नये. मूल रडलें तर त्यास उचलून घ्यावें. चालूं लागलें तर उतरवून चालूं द्यावें. परंतु त्या काळीं कडा पुष्कळ होत्या : आजी, काकू, आत्या, मोठी बहीण. आज एकत्र म्हणविणाऱ्या घरांतही दुपारीं दोनच माणसें असतात, एक सून आणि एक गुडघे धरलेली सासू. बारा किलोंचें मूल अर्धा कोस कडेवर नेणें दोघींच्याही पाठीस सोसणारें नाहीं. गाडी ही दमलेल्या कडेला दिलेली विश्रांति आहे, एवढेंच मानावें म्हणजे वाद मिटतो.

आतां खरेदीची रीत. गाडी पाहावयास मुलाच्या आईस बरोबर न्यावें. नव्हे, तिनेंच जावें व आपण तिच्याबरोबर जावें. नेहमीं मुलाबरोबर बाहेर जाणारी आजी असेल तर तीही हवी. दुकानांत पुढील परीक्षा घ्यावी. मूल एका कडेवर, पिशवी खांद्यावर. अशा स्थितींत एका हातानें गाडी धरून ती मिटलेलीच ठेवून दुकानाचा जिना एकदां चढून-उतरून पाहावा. मग मूल आपण घ्यावें व तिनें गाडी उघडावी, मिटावी, तीनदां. कळ बोटांस रुतते का, पाहावें. दांडा उंच सासऱ्यास वांकवितो कीं ठेंगण्या सासूस ताणतो, हें दोघांनीं धरून ठरवावें. ब्रेक लावून ढकलून पाहावी. पट्टे लावून सोडवून पाहावे. बैठकीचें कापड काढून धुतां येतें का, हें विचारावें, कारण तें आठवड्यांतून एकदां तरी धुवावें लागणारच. घरबसल्या मागविणाऱ्यांनीं परत करण्याची मुदत आधीं पाहून ठेवावी, व हीच परीक्षा आपल्या जिन्यावर पहिल्याच दिवशीं घ्यावी.

इतकें करून जी गाडी तिच्या हातास पटेल ती घ्यावी, मग तिचा रंग आपणांस न कां आवडेना. आणि घरीं आल्यावर तिची जागा माळ्यावर नव्हे, दाराशीं ठरवावी. घरांतील जें कोणी त्या वेळीं मोकळें असेल त्यानें ती खालीं नेऊन ठेवावी, हा नियम त्याच दिवशीं घालावा. सहा किलो वजन उचलण्यास कर्त्या पुरुषाच्या प्रतिष्ठेस बाध येतो असें आम्हीं कोणत्याही स्मृतींत वाचलेलें नाहीं.